ओबरहास्ली : एका बरखास्त तालुक्याची वाट

स्वित्झर्लंडमधल्या बर्न राज्याने १ जानेवारी २०१० पासून आपले २६ जुने तालुके मोडीत काढले आणि त्यांच्या जागी दहा मोठे विभाग केले. कारण नेहमीचंच : कचेऱ्या फार, माणसं थोडी, खर्च अवाच्या सवा. या फेररचनेत राज्याच्या आग्नेय टोकाचा ओबरहास्ली हा तालुका शेजारच्या इंटरलाकेनला जोडला गेला. क्षेत्रफळ सुमारे ५५० चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम आठ हजार. हिशेबाच्या वहीत असा तालुका टिकणं अवघडच होतं. मायरिंगेनची कचेरी उठली, दप्तर इंटरलाकेनला गेलं. ‘इंटरलाकेन-ओबरहास्ली’ या जोडनावात उत्तरार्ध तेवढा शिल्लक राहिला.

पण हा तालुका कुणा कारकुनाने नकाशावर पट्टी ठेवून आखलेला नव्हता. ब्रिएन्झ सरोवराच्या वरच्या अंगाला आरे नदीचं जे खोरं सुरू होतं, ते थेट तिच्या उगमाच्या हिमनद्यांपर्यंत, म्हणजे ओबरहास्ली. तीन बाजूंना डोंगर आणि त्यांत तीन खिंडी. उत्तरेला ब्र्यूनिग (१००८ मीटर), पूर्वेला झुस्टेन (२२२४ मीटर) आणि दक्षिणेला ग्रिम्सेल (२१६४ मीटर). चौथी बाजू सरोवराची. पाऊस ज्या उतारावरून आरेला मिळतो तिथपर्यंत हास्लीची माणसं, पलीकडे उंटरवाल्डेनची, ऊरीची किंवा वालिसची. सम्राट, मठ, बर्नचं सरकार असे मालक बदलत गेले, पण हद्द मात्र पाण्यानेच ठरवलेली राहिली. आज तिथे खरा कारभार कुणाचा चालतो, याचं उत्तरही शेवटी पाण्यापाशीच सापडतं.

मराठी पर्यटकाला इंटरलाकेन नवं नाही. तिथल्या कुर्सालच्या बागेत २०१६ पासून यश चोप्रांचा पुतळा आहे आणि उन्हाळ्यात रस्त्यावर पुण्या-मुंबईची मराठी हमखास कानावर पडते. आपल्या सहलींच्या बसगाड्या एक दिवस युंगफ्राउयोखला जातात, दुसऱ्या दिवशी टिटलिसला. या दोन्हींच्या मधल्या प्रवासात त्या ब्र्यूनिगचा घाट चढतात आणि ओबरहास्लीच्या कडेकडेने निघून जातात. थांबत नाहीत, याबद्दल मला तक्रार नाही. उलट मायरिंगेनला निवांतपणे फिरता येतं ते त्यामुळेच.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून निघणारी मीटरगेज गाडी सरोवराच्या काठाकाठाने अर्ध्या-पाऊण तासात मायरिंगेनला पोचवते. ब्रिएन्झ सरोवराचं पाणी मोरपंखी दिसतं, ते हिमनद्यांनी दळून आणलेल्या खडकाच्या पिठामुळे. हे पीठ येतं आपण निघालोय त्याच खोऱ्यातून. सरोवर संपलं की दरीचा तळ एकदम सपाट होतो आणि आरे नदी कालव्यासारखी सरळ धावताना दिसते. ही सरळ रेघ माणसाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुराला आवर घालण्यासाठी नदीला बांध घालून हा नवा मार्ग दिला, तेव्हा दलदलीची शेतं झाली. त्या सपाटीवर १९४१ मध्ये लष्करी विमानतळ आला. विमानं ठेवायची जागा डोंगराच्या पोटात कोरलेली. गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकत असताना मध्येच लढाऊ विमान कानठळ्या बसवत निघून जातं, आणि गाई मान वर करत नाहीत.

मायरिंगेनला गाडी आली तशीच उलट्या दिशेने निघते. पुढचा मार्ग दात्यांच्या रुळांवरून ब्र्यूनिग चढून ल्यूसर्नकडे जातो. हा मार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. खाली उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की गाव जुनं आहे पण घरं जुनी नाहीत. याचा गुन्हेगार वारा. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारी हवा पलीकडेच पाऊस टाकून कोरडी होते आणि अलीकडे दरीत कोसळताना तापत जाते. या वाऱ्याला तिकडे फ्यॉन म्हणतात. भर थंडीत तो काही तासांत बर्फ वितळवतो, अनेकांचं डोकं धरतं, आणि लाकडी गावात एक ठिणगी पडली की संपलं. मायरिंगेन १८७९ मध्ये जळलं. पुन्हा बांधलं, ते २५ ऑक्टोबर १८९१ ला परत जळलं. दुसऱ्या खेपेला बहुतेक गावच गेलं. त्यानंतर दगडी घरं, रुंद रस्ते आणि वारा सुटला की गस्त अशी शिस्त लागली.

इथे एक गंमत आहे. शेरलॉक होम्स आणि मोरियार्टी यांची शेवटची झटापट ज्या रायखेनबाख धबधब्यावर होते, तो मायरिंगेनच्या समोरच्याच कड्यावर आहे. कथेतली तारीख ४ मे १८९१. त्याच वर्षी ऑक्टोबरात गाव बेचिराख झालं आणि कॉनन डॉयलची कथा छापून आली १८९३ च्या डिसेंबरात. म्हणजे वाचक होम्सचं गाव बघायला आले, तोवर ते गाव राहिलंच नव्हतं. गावाने मात्र या पाहुण्याला अंतर दिलं नाही. जुन्या इंग्रजी चर्चमध्ये होम्सचं संग्रहालय आहे आणि समोर बाकदार खडकावर बसलेला त्याचा कांस्य पुतळा. त्यात साठही कथांचे धागेदोरे लपवलेले आहेत म्हणतात. ते शोधत पुतळ्याभोवती घुटमळणारी माणसं हा तिथला कायमचा देखावा. धबधब्यापाशी १८९९ पासून लाल लाकडी डब्याची रज्जूरेल्वे जाते. धबधबा पावसाळी सह्याद्री पाहिलेल्याला फार भारी वाटेल असं नाही. वरच्या अंगाला पाण्याचा काही भाग विजेसाठी वळवलेला असल्यामुळे त्याचा जोर वेळेवर अवलंबून. मे-जूनमध्ये जावं.

माझ्या मते मायरिंगेनमधली बघण्यासारखी जागा वेगळीच आहे आणि तिथे गर्दी नसते. संत मिखाएलच्या चर्चखाली उतरायला जिना आहे. खाली जुन्या चर्चच्या भिंती, वेदी, जोती, एकावर एक. गावामागून येणारा आल्पबाख नावाचा ओढा दर काही पिढ्यांनी दगडगोटे घेऊन गावात शिरायचा, चर्चचा तळ भरून टाकायचा. लोक गाळावरच पुढचं चर्च उभारायचे. १७६२ च्या पुरात तर गाव आणि चर्च दोन्ही गाळात रुतली. विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा खालचे थर हाती लागले. जमिनीखालच्या त्या थंड अंधारात उभं राहून वर पाहिलं की आजच्या चर्चची फरशी डोक्याच्या वर दिसते. या खोऱ्याचा इतिहास वाचायचा तर सुरुवात इथून करावी.

लिहिलेला इतिहासही काही कमी गुंतागुंतीचा नाही. हास्लीचे लोक सम्राटाचे थेट प्रजाजन होते, मध्ये कुणी सरदार नाही, आणि या दर्जाचा त्यांना फार अभिमान. झेंड्यावर सोनेरी पार्श्वभूमीवर काळा गरुड, तो त्याच नात्याचा. आपण दुष्काळामुळे उत्तरेकडून, स्वीडनमधून आलेल्या लोकांचे वंशज आहोत अशी कथाही ते सांगत. इतिहासकार ती मानत नाहीत, पण पंधराव्या शतकात ती लिहून निघाली आणि मग तिला मरण उरलं नाही. बर्नशी त्यांनी १२७५ मध्ये बरोबरीच्या नात्याने करार केला. पुढे पैशांच्या नडीपायी राजाने हे खोरं वाइसेनबुर्गच्या सरदारांकडे गहाण टाकलं. गहाणदाराने कर वाढवले, हास्लीकरांनी उठाव केला, हरले. शेवटी १३३४ मध्ये बर्नने ते गहाण आपल्याकडे घेतलं. हास्लीला स्वतःचा अम्मान, म्हणजे प्रमुख, स्थानिकांतूनच असण्याचा हक्क राहिला. शिक्का राहिला, झेंडा राहिला. व्यवहार म्हणून वाईट नव्हता.

दोनशे वर्षांनी तो बिघडला. खोऱ्यातलं चर्च इंटरलाकेनच्या मठाच्या ताब्यात होतं आणि धान्याचा दशमांश मठाला द्यावा लागे. १५२८ मध्ये बर्नने धर्मसुधारणा स्वीकारली, मठ बंद केले. लोकांना वाटलं, मठ गेला, आता देणं सुटलं. बर्नने मठाची सगळी येणी आपल्या नावावर करून घेतली. आगीतून फुफाट्यात! हास्लीकर चिडले, जुना धर्म परत आणला, आणि ब्र्यूनिग खिंडीतून उंटरवाल्डेनचे कॅथलिक शेजारी मदतीला उतरले. बर्नने फौज पाठवली, आणि उठाव फार टिकला नाही. शिक्षा म्हणून जुने हक्क कापले गेले आणि अम्मान निवडायची गोष्ट बर्नच्या हाती गेली. अम्मान तरीही खोऱ्यातलाच माणूस असे. बाहेरचा सुभेदार पाठवला तर काय होईल, याचा अंदाज बर्नला एव्हाना आला होता.

खोऱ्याच्या पोटापाण्याचा मोठा भाग खिंडींवर होता. १३९७ मध्ये बर्न, हास्ली, पलीकडचे गोम्स आणि इटलीच्या बाजूचं पोमाट यांनी ग्रिम्सेलची वाट सुस्थितीत ठेवायचा करार केला. मध्य स्वित्झर्लंडचं कडक स्ब्रिन्झ चीज खेचरांच्या पाठीवरून ग्रिम्सेल आणि मग ग्रीस खिंड ओलांडून दोमोदोस्सोलाला जाई. येताना दारू, तांदूळ, मसाले. तो जुना खेचरमार्ग आज पायवाट म्हणून राखला आहे. हांडेगच्या वर एक जागा आहे, हेलेनप्लाटे. हिमनदीने घासून काचेसारखी गुळगुळीत केलेली ग्रॅनाइटची उतरती पाठ. तिच्यावर खेचरांचे खूर टिकावेत म्हणून पायऱ्या खोदल्या आहेत. बूट ठेवून पाहिला तर तो नीट बसतो.

मायरिंगेनहून वर जायचं म्हणजे आधी किर्शेट ओलांडायची. चुनखडीचा हा आडवा बांध दरीला अशा ठिकाणी अडवतो, की त्याच्या मागे इनर्टकिर्शेनचं सपाट मैदान आणि पुढे मायरिंगेनचं. रस्ता बांधावरून चढतो-उतरतो. आरे मात्र त्याला आरपार कापून गेली. हिमयुगाच्या शेवटी बर्फाखालून सुटलेल्या पाण्याने हे काम केलं. असे आणखी काही जुने काप गाळाने भरलेले बांधात आहेत, म्हणजे नदीने एकदाच प्रयत्न केलेला नाही. उघडी घळ १४०० मीटर लांब, जास्तीत जास्त २०० मीटर खोल. १८८८ पासून तिच्या भिंतीला टांगलेल्या फळ्यांवरून पार जाता येतं. सर्वांत अरुंद ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील. भिंतींवर पाण्याने कोरलेले गोल रांजण अर्धे-अर्धे दिसतात. एक अर्धा या बाजूला, दुसरा समोर. खाली नदी राखाडी, वर आकाशाची फीत. ओल इतकी की कठडा धरला की तळहात भिजतो.

घळीच्या वरच्या टोकाला रेल्वेचा जो थांबा आहे तो तर बोगद्यातच. खडकात कोरलेल्या खोलीत उभं राहायचं, गाडी आली की सरकते दरवाजे उघडतात. मायरिंगेन ते इनर्टकिर्शेन ही पाच किलोमीटरची छोटी रेल्वे १९२६ मध्ये धरणाचं सामान वाहायला घातली गेली आणि १९४६ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. धरण म्हणजे ग्रिम्सेल, आणि रेल्वे बरीच वर्षं वीजकंपनीच्याच मालकीची होती. क्राफ्टवेर्के ओबरहास्ली या नावाची कंपनी १९२५ साली स्थापन झाली. तिचे निम्मे भाग बर्नच्या वीजकंपनीकडे, उरलेले बर्न, बाझेल आणि झ्युरिक या तीन शहरांकडे. कचेरी जाऊन तालुका संपला, पण तालुक्याचं नाव ज्या पाटीवर रोज दिसतं ती पाटी कंपनीची.

इनर्टकिर्शेनहून पोस्टाची पिवळी बस ग्रिम्सेलला निघते. डावीकडे झुस्टेनचा फाटा फुटतो. तो रस्ता महायुद्धाच्या काळात बांधला आणि १९४६ मध्ये खुला झाला. त्या बाजूला गाडमेन, जे २०१४ मध्ये इनर्टकिर्शेनमध्ये विलीन झालं, आणि वरच्या अंगाला ट्रिफ्ट हिमनदी. पूर्वी गिर्यारोहक हिमनदीची जीभ ओलांडून निवाऱ्याकडे जात. जीभ वितळून मागे सरली, तिच्या जागी तळं आलं, वाट तुटली. म्हणून २००४ मध्ये झुलता पूल बांधला आणि २००९ मध्ये तो बदलून १७० मीटरचा नवा टाकला. आता त्या तळ्याच्या जागी धरण बांधायचं घाटतं आहे. हिमनदीने सोडलेला खड्डा, त्यात पाणी. कंपनीचं गणित सरळ आहे. निसर्गप्रेमींचं नाही.

बस गुटानेनला पोचते. हे खोऱ्यातलं शेवटचं गाव, उंची १०५७ मीटर. दोन्ही बाजूंना हिमलोट कोसळणारे उतार. आणि अलीकडे एक नवं संकट : समोरच्या रिट्झलीहॉर्नच्या माथ्यावर खडकाला सांधून धरणारा कायमचा बर्फ विरघळू लागला. २००९ ते २०११ या काळात श्प्राइटग्राबेन या ओढ्यातून चिखल-दगडांचे प्रचंड लोंढे उतरले. रस्ता धोक्यात आला आणि जर्मनीहून इटलीकडे जाणारी वायुवाहिनी हलवावी लागली. गुटानेनकर ज्या डोंगरांतून स्फटिक काढत आले, तेच हे डोंगर. १७१९ मध्ये त्सिंगेनश्टोकच्या कपारीत सापडलेल्या स्फटिकांच्या साठ्याची तर आजही आठवण काढतात.

पुढचा ग्रॅनाइटचा मुलूख बघायचा तर हांडेगला उतरावं. इथून गेल्मर तळ्याला जाणाऱ्या रज्जूरेल्वेचा चढ १०६ टक्के आहे, म्हणजे जितकं पुढे त्याहून जास्त वर. १९२६ मध्ये बांधकामासाठी घातलेली ही गाडी २००१ पासून प्रवाशांना नेते. उतरताना पोटात गोळा येतो. तिकीट आधी काढून ठेवावं.

वर ग्रिम्सेलचं हॉस्पिट्स. खिंड ओलांडणाऱ्यांसाठीच्या या धर्मशाळेचा उल्लेख ११४२ इतका जुना आहे. जागा हास्लीच्या समाजाची, चालवायला ठेकेदार, आणि गरीब वाटसरूला फुकट जेवण-निवारा ही अट. एकोणिसाव्या शतकात पेटर त्सीबाख नावाचा ठेकेदार युरोपभर नावाजला गेला. हिमनद्यांचा अभ्यास करणारा नोशातेलचा शास्त्रज्ञ लुई आगासीझ आणि त्याचे सोबती इथूनच उंटरआर हिमनदीवर जात. त्यांनी तिथे एका प्रचंड शिळेखाली मुक्काम ठोकून तिला ‘नोशातेलकरांचं हॉटेल’ म्हटलं. हिमनदी चालते हे मोजायला आयता पुरावाही मिळाला. हुगी नावाच्या अभ्यासकाने १८२७ मध्ये बर्फावर बांधलेली झोपडी आगासीझला चौदा वर्षांनी मूळ जागेपासून एक किलोमीटरहून खाली सापडली. बर्फयुगाची कल्पना जगाला पटवण्यात या दरीचा वाटा मोठा आहे. याच आगासीझने पुढे अमेरिकेत वंशभेदाला शास्त्राचा मुलामा दिला. म्हणून त्याच्या नावाच्या आगासीझहॉर्न शिखराचं नाव बदलावं अशी मागणी गेल्या काही वर्षांत होत आली. शिखर ज्यांच्या हद्दीवर आहे त्या तीन ग्रामपंचायतींनी, गुटानेनसह, ती मानली नाही.

त्सीबाखचं पुढे वाईट झालं. ठेका हातून जाणार अशी चिन्हं दिसू लागली आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये एका रात्री हॉस्पिट्स जळून गेलं. चौकशीत उघड झालं की आग त्यानेच नोकरांकरवी लावली होती. ज्याच्या हातचं जेवण शास्त्रज्ञांनी आपल्या पुस्तकांत वाखाणलं तो माणूस तुरुंगात गेला. त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला मेल्खिओर आंडरेग मात्र वाटाड्या म्हणून आल्प्समध्ये अजरामर झाला. हिवाळ्यात तो लाकडात कोरीवकाम करी.

ते हॉस्पिट्स आज दिसत नाही. १९२९ मध्ये ग्रिम्सेलचं पाणी चढू लागलं आणि जुनी इमारत खाली गेली. नवी वरच्या खडकावर बांधली, विजेवर तापणारी; विजेला तोटा नव्हताच. ११४ मीटर उंचीचा श्पिटाललाम बांध १९३२ मध्ये पुरा झाला. त्याला तडे गेल्यामुळे २०१९ पासून त्याच्याच पुढ्यात नवा बांध उभारला, आणि जुना न पाडता तसाच पाण्यात सोडायचं ठरलं. खालचा रेटेरिक्सबोडेन तलाव १९५० चा. ते पूर्वी कुरण होतं, आणि त्याची एक गोष्ट सांगतात. १७९९ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाची फौज खिंड अडवून बसली होती. गुटानेनच्या एका माणसाने फ्रेंचांना नेगेलिसग्रेटलीच्या आडवाटेने त्यांच्या पिछाडीला नेलं आणि ऑस्ट्रियन पळाले. बक्षीस म्हणून फ्रेंच सेनापतीने हे कुरण देऊ केलं. गाववाल्यांनी ते त्याच्या पदरात पडू दिलं नाही. कुरण समाजाचं, सेनापती कोण देणारा?

पश्चिमेच्या कड्यापलीकडे गौली हिमनदी. १९ नोव्हेंबर १९४६ ला अमेरिकेचं डकोटा विमान तिच्यावर आदळलं आणि आतली बाराही माणसं जगली. आपण फ्रान्समध्ये आहोत असं वैमानिकाला वाटत होतं. रेडिओच्या दिशेवरून जागा शोधली ती मायरिंगेनच्या तळाने. शोधपथकं पायी पोचली, आणि २४ नोव्हेंबरला दोन स्विस वैमानिकांनी स्की लावलेली छोटी श्टोर्ख विमानं बर्फावर उतरवून सगळ्यांना खाली आणलं. आल्प्समधल्या हवाई बचावाची सुरुवात इथून मानतात. विमानाचे तुकडे हिमनदी आता एकेक करून परत देते आहे.

खिंडीपर्यंत जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर हे महिने धरावेत. ग्रिम्सेलचा रस्ता बर्फामुळे साधारण ऑक्टोबरअखेरीस बंद होतो आणि जूनच्या आसपास उघडतो. झुस्टेनचंही तेच. हिवाळ्यात हॉस्पिट्सला राहायला जाता येतं, पण रस्त्याने नाही. कंपनीच्या रज्जूमार्गाने वर, मग डोंगराच्या पोटातल्या कंपनीच्या बोगद्यातून बसने, मग पुन्हा रज्जूमार्ग. हॉटेलही कंपनीचंच. खोली ठरवली की खालून निघायची वेळ तीच कळवते.